"परफेक्ट होईपर्यंत थांबू नका" हे माझं वाक्य मी मागे घेतोय



या आठवड्याच्या व्हिडिओत बोलता बोलता मी म्हणालो की माझं एक जुनं वाक्य मला मागे घ्यायचंय. तिथे वेळ कमी होता, म्हणून फक्त तेवढं सांगून पुढे गेलो. खरं सांगू? त्या भागाचे मी चार टेक घेतले आणि चारही वेळा घसा दाटला. म्हणून उरलेलं नेहमीप्रमाणे इथे लिहितोय.

ते वाक्य होतं, "परफेक्ट होईपर्यंत थांबू नका." जुन्या बॅचमधल्या लोकांना आठवत असेल. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो. टाळ्याही पडायच्या. आज माझं मत असं आहे की निदान रेकॉर्डिंगच्या बाबतीत हे वाक्य धंद्याचं नुकसान करतं, आणि कधी कधी जे नुकसान होतं ते पैशात मोजताच येत नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, आमचं हार्डवेअरचं दुकान. आम्हाला टेक आणि ट्रॅकशी काय करायचंय?" अहो, करायचंय. रिक्षावर फिरणारी सेलची जाहिरात कोणीतरी घरात बसूनच रेकॉर्ड करतं. क्लासवाल्या मॅडम धडे रेकॉर्ड करतात. भजनी मंडळ आपला अभंग रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतं. आणि आपल्या भिवंडी, कल्याण, पनवेल, उरण पट्ट्यात आगरी-कोळी गाण्यांचा, हळदीच्या गाण्यांचा केवढा मोठा बाजार घरगुती स्टुडिओंतून चालतो, हे मी सांगायला नको. लग्नाच्या मोसमात ज्या मांडवात जाल तिथे यूट्यूबवरचं कुठलं तरी नवं गाणं वाजत असतंच. त्यातली कितीतरी गाणी एका खोलीत, एका माइकवर, एका मल्टिट्रॅक मशीनवर किंवा लॅपटॉपवर तयार झालेली असतात.

मी ज्या मुलाबद्दल लिहितोय तो असाच. खाडीपट्ट्यातल्या एका गावातला. नाव सांगत नाही, त्याची परवानगी आहे पण गरज नाही. वडिलांचे माग होते, ते विकले. त्या शेडच्या कोपऱ्यातली एक खोली याने गोधड्या आणि जुने गालिचे लावून बंद केली, सेकंडहँड आठ ट्रॅकचा रेकॉर्डर घेतला आणि "गाणी रेकॉर्ड करून मिळतील" असा बोर्ड लावला. मुलगा हुशार. कान चांगला. माझ्या बॅचला पहिल्या रांगेत बसायचा आणि मी फळ्यावर लिहीन ते सगळं उतरवून घ्यायचा. हे वाक्यसुद्धा.

मावशींचं काय झालं

त्याच्या नात्यातल्या एक मावशी धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवलारणीचं काय स्थान आहे ते इकडच्या वाचकांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. लग्नाच्या एकेका विधीला ज्या बायका धवले गातात, त्या धवलारिणी. भटजींसारखाच त्यांना मान. धवले पुस्तकातून शिकत नाहीत. आईकडून, सासूकडून, मावशीकडून ऐकून ऐकून पाठ होतात. या मावशींना किती धवले येत होते ते कोणी मोजलं नव्हतं. त्यांनीसुद्धा नाही.

एका दुपारी मुलाने त्यांना खोलीत आणलं. सोबत त्यांच्या मागे धरणारी दुसरी एक बाई होती. मावशी खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि सहज म्हणून एक धवला पूर्ण गायल्या. मी तिथे होतो. खोलीत कोणी हललं नाही. संपल्यावर मुलगा म्हणाला, "मस्त मावशी! आता रेकॉर्डिंग करू. ही प्रॅक्टिस होती."

बटण दाबलेलं नव्हतं.

पुढे काय झालं ते मी नीट सांगतो, कारण त्यातली प्रत्येक चूक तुम्ही-आम्ही रोज करतो.

मल्टिट्रॅक आहे तर आवाज वेगवेगळे घ्यायला हवेत, असं मुलाला वाटलं. म्हणून मागे धरणाऱ्या बाईंना बाहेर बसवलं. मावशींच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात मेट्रोनोमचा टिक-टिक आवाज सोडला. आयुष्यभर जोडीने गायलेली बाई एकटी पडली. हळदीच्या गाण्याला ढोलकीचा ठेका असतो, तिथे टिक-टिक कामाची आहे. धवला श्वासावर चालतो, तो त्या काट्यावर कसा बसणार? पहिला टेक अडखळला. दुसऱ्यात शब्द चुकला. तिसरा बरा होता, पण बाहेर कुत्रं भुंकलं. चौथा, पाचवा, सहावा. मुलगा नम्रपणे म्हणत होता, "मावशी, अजून एक." मी मागे उभा राहून मान डोलवत होतो, कारण पोरगा माझंच वाक्य पाळत होता.

नववा की दहावा टेक झाल्यावर मावशींनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "अरे पोरा, मंगाशी गायली ना मी, ती कुठं गेली?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

त्या दिवशी एकूण चौदा टेक झाले. मुलाने रात्रभर बसून त्यांचे तुकडे जोडले. एक ओळ सहाव्यातली, एक अकराव्यातली. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि ऐकल्यावर मावशींची सून म्हणाली, "आवाज आईंचाच हाय, पण आई नाय वाटत." बाकीचे धवले "पुढच्या वेळी" घ्यायचे ठरले. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेल्या.

मी हे रडवायला लिहीत नाहीये. मी ट्रेनर आहे, माझं काम चुकीची कारणं शोधणं. आणि कारण शोधताना मला माझंच वाक्य सापडलं.

टेक म्हणजे माल आहे, आणि न निवडलेला माल म्हणजे डेड स्टॉक

आपलं गाव गोदामांचं. मानकोली-अंजूर पट्ट्यात कुठल्याही गोदामवाल्याला विचारा, जागा भरली म्हणजे धंदा झाला का? तो हसेल. माल फिरला तर धंदा. पडून राहिला तर डेड स्टॉक.

टेकचंही तसंच आहे. आपल्याला वाटतं जितके टेक जास्त तितकी मेहनत जास्त. चला, हिशोब मांडू. गाणं चार मिनिटांचं धरा. चाळीस टेक म्हणजे गायला १६० मिनिटं. ते सगळे एकदा ऐकायला आणखी १६० मिनिटं. झाले पाच तास वीस मिनिटं, आणि अजून निवड झालेलीच नाही. तुलना करायला दुसऱ्यांदा ऐकलंत तर आठ तास. पूर्ण एक पाळी गेली, एका आवाजावर!

आता तीन टेक घ्या. गायला १२ मिनिटं, दोनदा ऐकायला २४. एकूण ३६ मिनिटं.

लोक मला म्हणतात, "सर, मेमरी कार्ड स्वस्त झालंय, मग काय फरक पडतो?" जागेचा प्रश्न नाहीच हो. ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एका आवाजाचं एक मिनिट साधारण ८ एमबी घेतं. चाळीस टेक म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. ते कार्डात कुठेही बसेल. पण तुमचा कान कार्डासारखा नाही. दहाव्या टेकनंतर चांगलं-वाईट कळेनासं होतं. गाणाऱ्याचा घसा उतरतो ते वेगळंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "आहेत ना अजून टेक" म्हणून प्रत्येक टेक जरा ढिला गायला जातो. चाळीस संधी आहेत हे माहीत असलं की पहिली संधी कोणी मन लावून घेत नाही.

काही घरगुती मशीनमध्ये आठ ट्रॅक आणि प्रत्येकामागे आठ व्हर्च्युअल ट्रॅक असतात. म्हणजे चौसष्ट जागा. कंपनीने त्या सोय म्हणून दिल्यात. आपण त्यांना टार्गेट समजतो.

जुन्या लोकांकडे काय होतं?

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोन कंपनीच्या माणसांसमोर गायल्या. कर्ण्यासमोर तोंड करून गायचं, आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा. सुमारे तीन मिनिटांत ख्याल म्हणा, ठुमरी म्हणा, बसवायची. मध्ये थांबून "तेवढी ओळ परत घेतो" ही सोयच नव्हती. म्हणजे सगळा सराव तबकडी फिरायच्या आधी. आणि शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला आवाज कोणाचा ते कळावं म्हणून ही पद्धत होती असं सांगतात. लक्षात घ्या, रेकॉर्डिंगच्या अगदी सुरुवातीलाच टेकला नाव देण्याची शिस्त होती. आपल्या फोनमधल्या ऑडिओ फायलींची नावं बघा जरा. नुसते आकडे!

पुढे चित्रपटांच्या जमान्यात अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र रेकॉर्ड व्हायचे. एका व्हायोलिनवाल्याचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिथे तीन पायऱ्या होत्या. आधी रिहर्सल, मग "मॉनिटर", म्हणजे माइक लावून, सगळं खऱ्यासारखं करून बघायची फेरी, आणि मग टेक. आपण मधली पायरीच काढून टाकली. सराव आणि टेक यांचा काला केला.

आणि वेळेची शिस्त म्हणाल तर आपल्या मराठी माणसाला "गीतरामायण" पुरेसं आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. तिथून वर्षभर ५६ गीतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि दर आठवड्याला नवं गीत श्रोत्यांसमोर जायचं म्हणजे जायचं. "अजून थोडं परफेक्ट करू, पुढच्या महिन्यात लावू" असं म्हणायला जागाच नव्हती. कामाचा दर्जा त्याने घसरला का? ७० वर्षांनंतरही लोक ते ऐकतायत.

आता एक उदाहरण बाहेरचं. १९७९ साली पोर्टास्टुडिओ नावाचं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन बाजारात आलं आणि मल्टिट्रॅक घरात पोचलं. अमेरिकेतला मोठा गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने तसल्याच मशीनवर घरी बसून गाणी टेप केली. हेतू इतकाच की बँडला चाल कळावी. मग मोठ्या स्टुडिओत बँडसोबत ती गाणी पुन्हा करून बघितली, पण घरच्या कॅसेटमधली गंमत काही येईना. शेवटी १९८२ मध्ये त्या घरच्या कॅसेटवरचंच रेकॉर्डिंग "नेब्रास्का" नावाने अल्बम म्हणून निघालं. ज्याला तो कच्चा माल समजत होता, तोच पक्का निघाला. आणि निघू शकला, कारण त्या वेळी बटण दाबलेलं होतं.

मग करायचं काय?

मी आणि त्या मुलाने मिळून एक पद्धत बसवली. गेलं वर्षभर तो ती वापरतोय, मी माझ्या व्हिडिओच्या आवाजासाठी वापरतोय. तुम्हीही बघा.

*पहिलं. माणूस खोलीत आला की रेकॉर्ड चालू.* सराव वेगळा आणि टेक वेगळा, हे मी आजही म्हणतो. पण बटण दोन्हीला दाबा. सरावासाठी एक ट्रॅक राखून ठेवा, आमच्याकडे आठवा ट्रॅक. त्याचा आवाज थोडा कमी लावून ठेवा, म्हणजे जोरात गायलं तरी फाटणार नाही. समोरच्याला मात्र सांगून ठेवा की मशीन चालू आहे. चोरून रेकॉर्ड करायचं नाही, तो धंदा नव्हे.

*दुसरं. सराव अख्ख्या गाण्याचा नाही, अडलेल्या जागेचा.* आपण काय करतो? पहिल्या ओळीपासून गात सुटतो, तिसऱ्या कडव्यात अडखळतो आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. त्यामुळे पहिली ओळ पन्नास वेळा होते, अडलेली जागा मात्र तशीच कच्ची. जवळपास प्रत्येक रेकॉर्डरमध्ये एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायची सोय असते. आपल्या वाद्याचा ट्रॅक त्या जागी फिरता ठेवा, दोन ओळी आधी सुरू करा आणि तेवढंच घोटा. जमलं की एकदा अख्खं गाणं न थांबता म्हणा, चूक झाली तरी थांबायचं नाही. तो तुमचा "मॉनिटर". तो ऐका आणि मगच टेकला बसा. जाहिरातीच्या चार वाक्यांनाही हाच नियम.

*तिसरं. तीन टेक, मग चहा.* चौथा टेक लगेच नाही. तिनात काम झालं नाही तर दोष टेकमध्ये नाही, तयारीत आहे. पट्टी उंच आहे का, लय जास्त आहे का, हेडफोनमध्ये ढोलकी फार मोठी आहे का, शेजारचे माग चालू आहेत का, ते शोधा. आमच्या गल्लीत तर माग बंद असतील तो दिवस बघूनच आवाजाचं काम ठेवावं लागतं. खटखटीत चाळीस टेक घेतले तरी चाळीसही खटखटीतलेच.

*चौथं. टेकच्या आधी नाव बोला.* "अमुक गाणं, आवाज, टेक दोन, आजची तारीख." पाच सेकंदांचं काम. बाजूला वही ठेवा. टेक नंबर, कुठे चांगलं, कुठे चूक, एवढंच. चांगल्यासाठी बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. महिनाभराने फाइल उघडाल तेव्हा ही वही तुमचे तास वाचवेल.

*पाचवं. तुटलेला धागा तिथेच जोडा.* मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे चालू करतो. तेवढ्यासाठी अख्खा तागा फेकत नाही. आणि फोल्डिंगच्या टेबलावर बघू म्हणून पुढेही रेटत नाही, कारण तिथे तो डॅमेज म्हणूनच निघणार. रेकॉर्डरवर याला पंच-इन म्हणतात. चांगल्या टेकमधली एकच ओळ गेली असेल तर तेवढीच परत घ्या. मूळ टेकची एक कॉपी आधी बाजूला करून ठेवा. एक ओळ आधीपासून गात या, म्हणजे श्वास जुळतो. माइकपासून अंतर तेवढंच ठेवा, आणि शक्यतो त्याच बैठकीत करा. उद्याचा घसा वेगळा असतो. मात्र गाठी किती माराव्यात याला मर्यादा आहे. माझा नियम असा की पाया एकाच पूर्ण टेकचा हवा, आणि दुरुस्त्या दोन किंवा तीन. चौदा टेकचे तुकडे जोडून केलेलं कापड लांबून बरं दिसतं, हात लावला की कळतं.

*सहावं. निवड चोवीस तासांत, आणि निवडणारा एकच.* रात्री थकलेल्या कानाने निवडू नका. सकाळी ऐका, एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण लोक शेवटी फोनवरच ऐकणार आहेत. घरच्या आठ जणांना विचारलंत तर आठ टेक निवडले जातील. मत सगळ्यांचं घ्या, निर्णय एकाचा असू द्या.

*सातवं. निवडा, पण सगळं पुसू नका.* तीन गोष्टी ठेवायच्या. निवडलेला टेक, सरावाच्या ट्रॅकवरचं पहिलं पूर्ण गाणं, आणि वहीच्या पानाचा फोटो. दोन ठिकाणी, म्हणजे एक मशीनच्या बाहेर. बाकीचे टेक महिन्याने काढून टाका. मेमरी कार्ड म्हणजे गोदाम नव्हे, ते टेम्पो आहे. माल उतरवायचा आणि रिकामा करायचा.

"पण सर, गिऱ्हाईकच ऐकत नाही!"

हा प्रश्न व्हिडिओखाली नक्की येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. गिऱ्हाईक म्हणतं अजून एक टेक घ्या, तेव्हा स्टुडिओवाला नाही म्हणू शकत नाही. बरोबर. कारण भाव सांगताना तुम्ही टेकबद्दल काही बोललाच नव्हता. पैसे ठरलेले आणि तास मोकळे, असा तुमचा व्यवहार. दर्जीसुद्धा सांगतो की एक फिटिंग शिलाईत धरली आहे, पुढचे वेगळे. तुम्हीही सांगा. भावात काय काय आहे ते कागदावर लिहा. सरावाचा एक तास, तीन टेक, एक बैठक दुरुस्तीची. त्यापुढच्या तासाचे एवढे. आमच्या मुलाने हा कागद भिंतीवर लावल्यापासून भांडणं कमी झाली. आणि गंमत म्हणजे लोक घरून तयारी करून यायला लागले. तिसरा टेक शेवटचा आहे हे माहीत असलं की पहिलाच टेक मनापासून येतो.

दुसरा आक्षेप येतो तो सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा. "सूर काय, नंतर ठीक करता येतो." येतो. मीही वापरतो. हळदीच्या गाण्यात, जाहिरातीत खुशाल वापरा. पण गाणाऱ्याचं लक्ष, त्याची ओढ, तो ज्या माणसाकडे बघून गातोय ते नातं, हे नंतर घालता येत नाही. ते टेकमध्ये असतं किंवा नसतं.

आणि तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. मी लोकांना आळशी करतोय का? तीन टेकवर थांबा म्हटलं की लोक तिसऱ्याला "चालतंय" म्हणून मोकळे होतील. ही भीती खरी आहे. म्हणून पुन्हा सांगतो, मी मेहनत कमी करा म्हणत नाहीये, तिची जागा बदला म्हणतोय. टेकमधली मेहनत काढा आणि टेकच्या आधी लावा. ज्याने आधी घोटलंय त्याला तीन पुरतात. ज्याने घोटलं नाही त्याला तीसही कमीच.

नवं वाक्य

फळ्यावर आता मी काय लिहितो? "तयारी पूर्ण, टेक मोजके, निवड लगेच." टाळ्या पडत नाहीत. चालेल.

तो मुलगा गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या धवलारणींकडे गेला. त्यांना स्टुडिओत आणलं नाही, मशीन त्यांच्या ओटीवर नेलं. हेडफोन नाही, टिक-टिक नाही. दोघी एकमेकींसमोर बसल्या, दोन माइक, दोन ट्रॅक. तो पोचला तेव्हा त्या चहा करत होत्या. त्याने आधी मशीन लावलं, "चालू केलंय हां आज्जी" म्हणून सांगितलं आणि मग चहा घेतला. त्या रेकॉर्डिंगमध्ये कपबशीचा आवाज आहे, मागे कोंबडी आहे. आणि सात धवले पूर्ण आहेत. एकेकच टेक.

मला त्याने ऐकवलं तेव्हा मी विचारलं, "कोंबडीचा आवाज काढणार का?" तर म्हणाला, "राहू दे सर, ती पण लग्नातलीच आहे."

या आठवड्याचं होमवर्क

तुमच्या फोनमध्ये किंवा मशीनमध्ये पडलेलं एक जुनं काम उघडा. जाहिरात असो, भजन असो, क्लासचा धडा असो. त्याचे किती टेक आहेत ते मोजा. उद्या सकाळी ऐका, एक निवडा, नाव द्या, दोन ठिकाणी ठेवा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस गाणारं, ओव्या म्हणणारं, गोष्ट सांगणारं असेल तर त्यांच्यासमोर बसायच्या आधी, मंडळी, बटण दाबा. प्रॅक्टिस म्हणून गायलेलंसुद्धा गाणंच असतं.

किती टेक सापडले तो आकडा व्हिडिओखाली लिहा. लाजू नका, माझा आकडा सत्तावीस होता, दीड मिनिटाच्या प्रस्तावनेचा!

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर काम चालू ठेवा.